संगणक घेण्याआधी दुकानाची हद्द आखा

आपल्या व्यापारी आणि कारागीर वर्गात संगणकाबाबत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणतो, संगणक आला की हिशेबाची सारी कटकट संपली. दुसरा म्हणतो, संगणकाने आमचा धंदा मुनीमाच्या हातून काढून सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात दिला. दोघांच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. पण दोघेही मूळ प्रश्नाला हात घालत नाहीत. आपल्या दुकानासाठी, कारखान्यासाठी किंवा पतसंस्थेसाठी प्रोग्रॅम करून घेताना अगर तयार प्रोग्रॅम विकत घेताना, त्या प्रोग्रॅमचे काम कोठे सुरू होते, कोठे संपते आणि त्याच्या हद्दीबाहेरच्या कोणाकोणाशी त्याला देवाणघेवाण करायची आहे, हे आधी कागदावर आखले आहे काय? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर नकारार्थी येते. पैसे बुडतात ते येथे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संगणकशास्त्रात या आखणीला 'कॉन्टेक्स्ट डायग्रॅम' म्हणतात. मराठीत आपण तिला संदर्भ-आकृती किंवा सरळ हद्दीचा नकाशा म्हणू. नाव जड वाटले तरी वस्तू अगदी साधी आहे. ती काढण्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही की संगणकाचे शिक्षण लागत नाही. किंबहुना ती सॉफ्टवेअरवाल्यापेक्षा व्यापाऱ्यालाच चांगली काढता येते, कारण हद्दीपलीकडची माणसे व्यापाऱ्याच्या रोजच्या ओळखीची असतात.

एक गोल आणि काही बाण

१९७० च्या दशकाच्या अखेरीस टॉम डीमार्को, एडवर्ड यूर्डन आदी अमेरिकन तज्ज्ञांनी संगणकाचे काम आखण्याची एक पद्धत रूढ केली. त्या काळी मोठमोठ्या संस्थांचे प्रोग्रॅम लिहून तयार होत आणि मग कळे की, ज्याच्यासाठी लिहिला त्याला हवे होते ते निराळेच. यावर उपाय म्हणून त्यांनी शब्दांऐवजी चित्राने सुरुवात करण्यास सांगितले. कागदाच्या मध्यभागी एक गोल काढायचा आणि त्यात फक्त प्रोग्रॅमचे नाव लिहायचे. गोलाच्या आत काय चालते ते या चित्रात दाखवायचेच नाही. गोलाभोवती चौकोन काढायचे. प्रत्येक चौकोन म्हणजे बाहेरचा एक माणूस, एक कचेरी किंवा दुसरा एखादा प्रोग्रॅम. मग चौकोनातून गोलाकडे आणि गोलातून चौकोनाकडे बाण काढायचे आणि प्रत्येक बाणावर काय जाते-येते त्याचे नाव लिहायचे. एवढे झाले की चित्र पुरे झाले.

चित्राचा नियम कडक आहे. दोन चौकोनांमध्ये बाण काढायचा नाही, कारण विणकर आणि दलाल आपसात काय बोलतात याच्याशी आपल्या प्रोग्रॅमला कर्तव्य नाही. नाव नसलेला बाण चालत नाही. 'माहिती' असे मोघम नाव लिहिलेला बाणही चालत नाही. 'ताक्यांची यादी', 'मजुरीचे बिल', 'बिल्टीचा नंबर' असे नेमके लिहावे लागते.

आमच्या उर्दू शाळेत भूगोलाचा तास नक्शा आणि सरहद या दोन शब्दांनी सुरू होई. मुलूख समजून घ्यायचा तर प्रथम त्याची सरहद पाहावी आणि त्याला लागून कोणकोणते मुलूख आहेत ते पाहावे, हा तेव्हाचा धडा होता. धंद्याच्या प्रोग्रॅमलाही हाच धडा लागू पडतो.

कापडाच्या धंद्याचा नकाशा

उदाहरण म्हणून रहिमतपूरसारख्या गावातील एका ठोक कापड व्यापाऱ्याचा नकाशा काढून पाहू. तो इचलकरंजी किंवा विट्याच्या यंत्रमागधारकाकडून ग्रे कापड घेतो, प्रोसेसला पाठवतो, त्यातले काही कापड शिवणकाम करणाऱ्या कारागिरांना देतो आणि माल कोरेगाव, सातारा, कराडकडील दुकानदारांना विकतो. मध्यभागी गोल: 'दुकानाचा हिशेब'. आता चौकोन मोजा.

पहिला चौकोन यंत्रमागधारकाचा. त्याच्याकडून बिल आणि ताक्यांची यादी येते. त्याच्याकडे ऑर्डर आणि पैसे जातात. दुसरा प्रोसेसवाल्याचा. त्याच्याकडे चलनासह ग्रे कापड जाते. त्याच्याकडून रंगवलेले कापड, मजुरीचे बिल आणि घटीचा आकडा येतो. तिसरा शिवणकाम करणाऱ्या कारागिराचा. त्याला कापड आणि उचल जाते. त्याच्याकडून तयार नग येतात आणि नगावर मजुरी निघते. चौथा ट्रान्सपोर्टवाल्याचा: बिल्टी आणि गाडीचा नंबर. पाचवा गिऱ्हाईक दुकानदाराचा: ऑर्डर, बिल, वसुली आणि परत आलेला माल. सहावा बँकेचा: चेक, यूपीआय आणि खात्याचा उतारा. सातवा जीएसटी पोर्टलचा, आठवा ई-वे बिल पोर्टलचा, नववा कर सल्लागाराचा. आणि दहावा स्वतः मालकाचा, कारण रात्री गल्ला मिटवताना त्यालाही आजची विक्री, आजची उधारी आणि शिल्लक माल यांचा कागद हवा असतो.

दुकान लहान आहे असे म्हणता म्हणता दहा चौकोन झाले आणि वीस-पंचवीस बाण झाले. सॉफ्टवेअरवाल्याशी बोलताना व्यापारी सहसा यांपैकी दोनच चौकोन सांगतो: खरेदी आणि विक्री. उरलेले आठ चौकोन नंतर एकेक करून उगवतात आणि प्रत्येक वेळी 'हे आधी बोलले नव्हते, याचे पैसे वेगळे' असे ऐकावे लागते. दोन्ही बाजूंनी आवाज चढतात आणि चांगले संबंध बिघडतात. खोटे कोणीच बोललेले नसते. हद्द ठरलेली नसते एवढेच.

बाणावरची अटच खरी

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि पूर्वी विक्रीकराच्या बाहेर राहिलेले कापड पाच टक्क्यांच्या कक्षेत आले. तेव्हापासून आपल्या धंद्यातील सर्वांत महत्त्वाचे बाण सरकारी पोर्टलकडे जाणारे आणि तेथून येणारे झाले आहेत. चार उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण खरेदीवरील कराच्या वजावटीचे. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की, माल देणाऱ्याने आपले बिल स्वतःच्या विवरणात भरले आणि ते आपल्या २बी या पत्रकात उमटले, तरच त्या बिलावरील कराची वजावट आपल्याला मिळते. दरमहा विवरण भरणाऱ्याचे जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जाते, २बी १४ तारखेला तयार होते आणि ३बी २० तारखेपर्यंत भरायचे असते. म्हणजे १४ ते २० या सहा दिवसांत आपली खरेदीवही आणि पोर्टलवरील पत्रक ताडून पाहावे लागते. याचा अर्थ आपल्या गोलाकडे येणारा एक बाण '२बी पत्रक' या नावाचा असलाच पाहिजे आणि न जुळलेल्या बिलांची यादी मालकाकडे जाणारा दुसरा बाण असला पाहिजे. हे दोन बाण नसलेला प्रोग्रॅम बिले कितीही सुबक छापो, वजावट मात्र हातची जाते. लाखाच्या ग्रे कापडावर पाच हजार रुपये कर असतो. ठोक धंद्यात नफ्याची टक्केवारी किती असते हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण ई-वे बिलाचे. देशभर ते १ फेब्रुवारी २०१८ पासून सुरू व्हायचे होते. पहिल्याच दिवशी यंत्रणा कोलमडली आणि तारीख पुढे गेली. राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ते १ एप्रिल २०१८ पासून आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणाऱ्या मालासाठी २५ मे २०१८ पासून सुरू झाले. या बिलाचे दोन भाग आहेत. 'अ' भागात माल, किंमत, देणारा-घेणारा यांचा तपशील असतो. 'ब' भागात गाडीचा नंबर असतो. आता विचार करा, 'ब' भाग कोण भरणार? व्यापारी की ट्रान्सपोर्टवाला? गाडी रस्त्यात बदलली तर नवा नंबर कोण घालणार? चित्रात या बाणाचे टोक कोणत्या चौकोनाला लागते ते ठरवावेच लागते. तोंडी बोलण्यात हा प्रश्न निघतच नाही.

त्यातही आपल्या राज्याने १ जुलै २०१८ पासून राज्यांतर्गत मालासाठी मर्यादा १ लाख रुपये केली, आणि सूत, कापड व तयार कपडे जॉबवर्कसाठी राज्यातच ५० किलोमीटरच्या आत नेले तर ई-वे बिलातून सूट दिली. रहिमतपुराहून साताऱ्याच्या कारागिराकडे कापड गेले तर ते या अंतरात बसते. इचलकरंजीला प्रोसेसला गेले तर बसत नाही. पुण्या-मुंबईत बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही सूट माहीत असेलच असे नाही. आपल्याला आणि आपल्या कर सल्लागाराला ती माहीत असते. म्हणून बाणावर अट लिहिण्याचे काम आपलेच.

तिसरे उदाहरण जॉबवर्कचे. जॉबवर्कसाठी पाठवलेला माल एक वर्षाच्या आत परत आला नाही किंवा तेथूनच विकला गेला नाही, तर कायदा तो पाठवल्या दिवशीच विकला असे धरतो आणि कर मागतो. तेव्हा प्रोसेसवाल्याकडे जाणाऱ्या बाणावर चलनाचा नंबर आणि तारीख असलीच पाहिजे आणि परत येणाऱ्या बाणावर त्याच चलनाचा हवाला असला पाहिजे. आपल्याकडे 'मागच्या लॉटमधले सात ताके राहिले आहेत, पुढच्या खेपेला पाठवतो' असे फोनवर सांगून काम भागते. दोन माणसांत ते भागते, पण प्रोग्रॅमला त्याचा कागद लागतो.

चौथे उदाहरण कराच्या दराचे. १ जानेवारी २०२२ पासून कापडावर पाचाऐवजी बारा टक्के कर लागणार असे जाहीर झाले होते. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबर २०२१ रोजी, जीएसटी परिषदेने तो निर्णय पुढे ढकलला. नवा दर आधीच बसवून ठेवलेल्यांना तो रातोरात काढावा लागला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांची रेषा बदलली: नगाची किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर पाच टक्के, त्यावर अठरा टक्के. मग सांगा, 'कराचा दर' हा बाण आपल्या गोलात कोठून येतो? मालकाकडून, की सॉफ्टवेअरवाल्याकडून? दर बदलण्याची किल्ली केवळ सॉफ्टवेअरवाल्याकडे असेल तर त्याचा फोन लागेपर्यंत दुकानात बिल फाडता येत नाही. खरेदीपूर्वी विचारण्याजोगा याहून महत्त्वाचा प्रश्न मला दिसत नाही.

गज आणि मीटर

कोणी म्हणेल, एवढ्या बारकाईची मोठ्या लोकांना गरज नसते, त्यांचे संगणक हुशार असतात. अमेरिकेच्या नासा या संस्थेने मंगळाकडे पाठवलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले. चौकशीत कारण निघाले ते असे: जमिनीवरील एका प्रोग्रॅमने यानाला दिलेल्या धक्क्याचे आकडे पौंडाच्या मापात दिले आणि ते घेणाऱ्या बाजूने ते मेट्रिक मापातले समजून वापरले. दोन्ही बाजूंना निष्णात माणसे होती. दोन्हींच्या मधल्या बाणाचे माप तेवढे कोणी तपासले नव्हते.

आपल्या धंद्यात हाच घोटाळा गज आणि मीटर यांत होऊ शकतो. शंभर गज म्हणजे ९१.४४ मीटर. एका बाजूने गजात लिहिलेला आकडा दुसऱ्या बाजूने मीटर म्हणून चढवला तर शंभरामागे साडेआठ मीटरांहून अधिक कापड वहीत दिसते, पण कपाटात नसते. मग संशय कोणावर जातो? गोदामातल्या पोरावर किंवा प्रोसेसवाल्यावर. एखाद्या इमानदार माणसाच्या नावाला बट्टा लागतो. म्हणून बाणावर नुसते 'कापड' लिहू नये; 'कापड, मीटरमध्ये, ताक्यानुसार' असे लिहावे.

जमिनीच्या कागदाचाही हाच मार्ग

सरकारी कामातही हद्दीचे महत्त्व आपण अनुभवतो. महाराष्ट्रात दस्त-नोंदणीचे काम दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एका संगणक-प्रणालीवर चालते आणि फेरफाराचे काम महसूल खात्याच्या ई-फेरफार प्रणालीवर चालते. ही दोन निराळी खाती, दोन निराळे गोल. पूर्वी खरेदीखत झाल्यावर माणसाने स्वतः कागद घेऊन तलाठ्याकडे जावे लागे. आता दस्ताची माहिती एका प्रणालीतून दुसरीकडे जाते आणि फेरफाराची नोंद, पक्षकारांना नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी अशी पुढची साखळी चालते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तोही या जोडणीच्या जोरावर. सुधारणा झाली ती मुख्यतः दोन खात्यांच्या मधल्या बाणात. तो बाण पूर्वी माणसाच्या पिशवीतून जात असे.

वक्फ मालमत्तांसाठी केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी सुरू केलेल्या 'उमीद' पोर्टलवरही असेच तीन टप्पे आहेत: मुतवल्ली माहिती भरतो, वक्फ मंडळाचा अधिकारी ती तपासतो आणि नेमलेला सरकारी अधिकारी मंजुरी देतो. त्या कायद्याबद्दल वाचकांची मते काही असोत. पण मशीद, दर्गा, कब्रस्तान यांचे कागद सांभाळणाऱ्या प्रत्येक मुतवल्लीने आपल्याकडून कोणता कागद जातो, तो कोणाच्या टेबलावर थांबतो आणि परत काय येते, याचा नकाशा भिंतीवर लावावा. अर्ज अडला तर कोठे अडला ते त्यावरून बोट ठेवून दाखवता येईल.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, हे काम सॉफ्टवेअरवाल्याचे आहे. आपण पैसे कशाला देतो? घर बांधताना गवंडी आणि इंजिनियर कामाला असतात, तरी जागेची हद्द मालकच दाखवतो. शेजाऱ्याशी वाट कशी ठरली आहे, पाण्याचा पाट कोणाच्या बांधावरून जातो, हे गवंड्याला कसे कळावे? प्रोग्रॅमच्या आतले काम त्याचे आणि हद्द दाखवण्याचे काम आपले, अशी वाटणी रास्त आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बहुतेक व्यापारी प्रोग्रॅम लिहून घेत नाहीत, तयार विकत घेतात. मग चित्राचा उपयोग काय? माझे म्हणणे असे की, तयार कपडा घेतानाही माप माहीत असावे लागते. आपले चित्र समोर ठेवून विक्रेत्याला एकेका बाणावर बोट ठेवून विचारावे: हा बाण तुमच्यात आहे काय? आहे तर मूळ किमतीत की वेगळे पैसे? जॉबवर्कच्या चलनाचा बाण पुष्कळ साध्या प्रोग्रॅममध्ये नसतो, किराणा दुकानदाराला तो लागतच नाही. आणि एक बाण सर्वांत शेवटी, पण न विसरता विचारावा: उद्या मी तुमचा प्रोग्रॅम सोडला तर माझी सारी खाती, सारा इतिहास दुसरीकडे नेता येईल अशा रूपात मला मिळेल काय? हा बाहेर पडण्याचा बाण नसेल तर आपली खतावणी आपली राहत नाही.

चित्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात काळ-वेळ दिसत नाही, किती गर्दी होईल ते दिसत नाही आणि बाण तुटला तर काय करायचे तेही दिसत नाही. १ फेब्रुवारी २०१८ ला ई-वे बिलाची यंत्रणा बंद पडली, तसे दिवस पुन्हाही येऊ शकतात. इंटरनेट तर आपल्याकडे अधूनमधून जातेच. म्हणून चित्राच्या पाठीमागे प्रत्येक बाणासाठी चार ओळी लिहाव्यात: कोण पाठवतो, केव्हा पाठवतो, कोणत्या मापात व रूपात पाठवतो, आणि न आल्यास काय करायचे. वीस बाणांच्या ऐंशी ओळी होतात. एका जुम्म्यापासून दुसऱ्या जुम्म्यापर्यंत रोज थोडे बसले तरी हे काम पुरे होते.

कारागिराचा चौकोन

एका गोष्टीकडे आपल्या वाचकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. नकाशात कारागिराचा चौकोन सहसा सर्वांत शेवटी आठवतो आणि त्याच्याकडे जाणारा बाण सर्वांत पातळ असतो. त्याने किती नग दिले, किती नापास झाले, किती उचल घेतली आणि किती बाकी आहे, हे मालकाच्या संगणकात असते. कारागिराच्या हातात काहीच नसते. ईदच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा त्याला स्मरणावर बोलावे लागते आणि मालक पडद्यावर बोट ठेवतो. हा सौदा बरोबरीचा नाही. प्रोग्रॅम करून घेतानाच 'कारागिराला दर आठवड्याला हिशेबाची चिठ्ठी' असा एक बाण गोलातून बाहेर काढावा. छापील असो की मोबाईलवर, खर्च नगण्य आहे. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराहची २८२ वी, देण्याघेण्याचा मामला लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीविषयी आहे. लिखाण एकाच बाजूच्या तिजोरीत राहिले तर त्या हुकुमाचा हेतू पुरा होतो काय, याचा विचार प्रत्येक मालकाने करावा.

यंत्रमागधारकाच्या चौकोनाबाबतही असेच. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीनुसार, नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षीच धरता येतो. म्हणजे माल देणाऱ्याची उद्यम नोंदणी आहे की नाही, ही माहिती आपल्या गोलात येणे आता आपल्याच फायद्याचे झाले आहे. गरीब विणकराचा पैसा वेळेवर पोहोचवण्याची आठवण प्रोग्रॅमने केली तर त्यात दोघांचे भले आहे.

जमातीच्या बैतुलमालासाठी किंवा बिनव्याजी कर्ज देणाऱ्या सोसायटीसाठी प्रोग्रॅम करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. मदत घेणाऱ्या विधवेचे, आजाऱ्याचे, कर्जदाराचे नाव कोणत्या बाणाने गोलाबाहेर जाते ते चित्रात तपासावे. देणगीदाराला एकूण रकमेचा अहवाल जावा. नावांची यादी जाण्याचे कारण नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली संमत झाला. गरजवंताची अब्रू झाकणे ही जबाबदारी आपल्यावर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

करारनाम्याला चित्र जोडा

शेवटी व्यवहाराची गोष्ट. आज आपल्याच गावांतील मुले संगणकाचे शिक्षण घेऊन व्यापाऱ्यांना प्रोग्रॅम करून देतात, ही आनंदाची बाब आहे. या मुलांचे आणि व्यापाऱ्यांचे संबंध टिकावेत असे वाटत असेल तर पुढील प्रथा पाडावी. काम ठरताना हद्दीचा नकाशा दोघांनी मिळून काढावा. त्याच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. रक्कम एकदम न देता बाणांच्या हिशेबाने हप्ते पाडावेत: खरेदी-विक्रीचे बाण चालू झाले की एक हप्ता, जॉबवर्कचे चालू झाले की दुसरा, जीएसटी आणि ई-वे बिलाचे चालू झाले की तिसरा. चित्रात नसलेला नवा बाण नंतर हवा झाला तर त्याचे पैसे व्यापाऱ्याने खुशीने द्यावेत. चित्रात असलेला बाण चालत नसेल तर तो मुलाने विनामोबदला दुरुस्त करावा. असे ठरले म्हणजे व्यापाऱ्याला फुकट काम मागता येत नाही आणि करणाऱ्याला अर्धवट काम पुरे म्हणून गळ्यात मारता येत नाही.

आपल्या व्यापारी संघटनांनीही यात पुढाकार घ्यावा. कापड, शिवणकाम, चामडे, बेकरी, फर्निचर अशा एकेका धंद्याचा एक नमुना-नकाशा जाणत्यांनी एकत्र बसून तयार करावा आणि तो मराठीत व उर्दूत छापून सदस्यांना द्यावा. एका गावातील दहा कापडवाल्यांचे नकाशे नऊ आणे सारखेच निघतील. ते दहा वेळा नव्याने काढण्याची आणि दहा वेळा त्याच जागी ठेच खाण्याची गरज नाही. रमजान ईद आणि लग्नसराईचा हंगाम उरकला की हातात थोडी सवड असते. त्या सवडीत प्रत्येकाने एक कोरा कागद घ्यावा, मधोमध गोल काढावा आणि पहिला चौकोन कारागिराचा काढावा. बाकीचे नऊ इन्शाअल्लाह आपोआप आठवतील.